शिकण्याची रोजकीर्द आणि खतावणी

भिवंडी तालुक्यात माणसाचे काम मोजण्याची रीत जुनी आहे. यंत्रमागावर विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी ठरते. गेल्या काही वर्षांत महामार्गांच्या कडेने उभ्या राहिलेल्या गोदामांत ही मोजणी आणखी बारीक झाली. कामगाराच्या हातातला स्कॅनर पार्सलावरच्या पट्टीसमोर धरला की कुठल्यातरी पडद्यावर एकाची भर पडते. तासाला किती माल हाताळला आणि मधली विश्रांती किती झाली, याचा हिशेब त्या यंत्रातून निघू शकतो. हा हिशेब कामगाराविषयी असतो, पण त्याच्यासाठी नसतो. तो त्याला क्वचितच दिसतो, आणि दिसला तर बहुधा तक्रार म्हणूनच.

हीच मुले रात्री घरी आली की मोबाइलवर काहीतरी शिकत असतात. कोणी टॅलीचा, कोणी इंग्रजीचा, तर कोणी संगणकाच्या भाषेचा अभ्यासक्रम लावलेला असतो. तिथेही मोजणी चालू असते. व्हिडिओ कुठे थांबवला, कुठे मागे नेला, कितव्या मिनिटाला सोडून दिला, हे सगळे अभ्यासक्रम पुरवणाऱ्याच्या संगणकात नोंदले जाते. शिकणाऱ्याच्या हाती मात्र ‘तुमचा ३५ टक्के अभ्यासक्रम पूर्ण झाला’ अशी एखादी हिरवी पट्टी येते. त्या ३५ टक्क्यांतले डोक्यात किती राहिले, हे ती पट्टी सांगत नाही.

शिकणाऱ्याने स्वतःच्या शिकण्याची मोजदाद स्वतः, स्वतःसाठी ठेवली तर काय हाती लागते, हा या लेखाचा विषय आहे. ती कशी ठेवावी, तिच्यामागे कोणते संशोधन आहे आणि ती कुठे धोक्याची ठरते, हे क्रमाने पाहू.

शिक्षक नसलेला वर्ग

मी अकलोलीला राहतो. तानसा नदीकाठचे हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाते. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी अगदी जवळ आहेत. माझे रीतसर शिक्षण बारावीपाशी थांबले. पुढचे सारे वाचनालयांतून, जुन्या पुस्तकांतून आणि गेली काही वर्षे इंटरनेटवरून झाले. उत्तरेला गणेशपुरी-अकलोलीपासून दक्षिणेला उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत कोकणातले गरम झरे किनाऱ्याला साधारण समांतर अशा पट्ट्यात का सापडतात, या प्रश्नाने मला भूजलशास्त्राकडे नेले. भूजलशास्त्राने संख्याशास्त्राकडे ढकलले. या दोन्ही विषयांना आमच्या गावात शिक्षक मिळणे शक्य नव्हते.

ते मिळाले ‘एनपीटीईएल’वर. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे काही पाठ मराठीतही ऐकता येतात. त्याआधी, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने घरी बसून शिकण्याची सवय महाराष्ट्राला लावलेली होतीच. पण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र असते, छापील पुस्तक असते, परीक्षेची तारीख असते. ‘एनपीटीईएल’चे व्याख्यान कोणीही, कधीही, फुकट पाहू शकतो, परीक्षेला बसायचे असेल तरच अर्ज आणि शुल्क. या मोकळेपणातच अडचण आहे.

ती किती मोठी आहे, हे सांगणारा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. जस्टिन राइक आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएन्ते यांनी हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची काही वर्षांची आकडेवारी तपासली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोक अभ्यासक्रमाच्या आत पाऊलही टाकत नव्हते. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या सगळ्यांचा हिशेब धरला, तर अभ्यासक्रम पुरा करणारे ३.१३ टक्के होते.

हे ९७ टक्के लोक मंदबुद्धीचे होते, असे कोणी म्हणणार नाही. काहींना एकच व्याख्यान हवे असेल, काहींनी सहज नाव घातले असेल. तरीही शाळेत आपल्याला जे न मागता मिळते, ते इथे मिळत नाही, ही गोष्ट उरतेच. शाळेत घंटा असते, हजेरी असते, शेजारी बसलेला मुलगा कुठवर पोचला ते दिसते. बाईंनी अचानक प्रश्न विचारला की आपल्याला काय येत नाही ते कळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वयंनियंत्रित अध्ययनाचे तीन टप्पे मांडले आहेत: आधी ठरवणे, मग करताना स्वतःकडे लक्ष ठेवणे, आणि झाल्यावर मागे वळून पाहणे. हे चक्र आहे. तिसऱ्या टप्प्यातून पुढच्या खेपेचा पहिला टप्पा निघतो. वर्गात यातला बराच भार शिक्षक उचलतो. एकट्याने शिकणाऱ्याला तो स्वतः उचलावा लागतो, आणि तो उचलण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नोंदवही.

एका माणसाची प्रयोगशाळा

स्वतःच्या शिकण्याची काटेकोर मोजदाद करणारा पहिला मोठा माणूस म्हणजे जर्मनीतला हेर्मान एबिंगहाउस. फेखनर या शास्त्रज्ञाचे संवेदनांच्या मोजमापावरचे पुस्तक त्याला पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले, असे सांगतात. संवेदना मोजता येत असतील तर स्मरण का मोजता येऊ नये, असा प्रश्न त्याला पडला. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, विद्यार्थी नव्हते. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. त्याने सुमारे २३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठराविक काळाने त्या पुन्हा पाठ केल्या. १८७९-८० मध्ये केलेले प्रयोग त्याने १८८३-८४ मध्ये पुन्हा केले, आणि १८८५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले.

त्याची खरी हुशारी मोजण्याच्या एककात होती. ‘आठवते का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून त्याने विचारले, पहिल्या वेळी पाठ करायला जेवढा वेळ लागला, त्यातला किती दुसऱ्या वेळी वाचला? समजा, एक यादी पाठ व्हायला पहिल्यांदा २० मिनिटे लागली आणि आठवड्याने तीच यादी १५ मिनिटांत पाठ झाली, तर पाच मिनिटे वाचली. म्हणजे बचत २५ टक्के. यादीतले एकही अक्षर आठवत नसले तरी मागच्या श्रमाचे काहीतरी शिल्लक असते, हे या रीतीने दिसू शकते.

त्याचे आकडे असे: २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१. विस्मरणाचा सगळ्यात मोठा उतार पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात आहे. नंतर घसरण मंदावते. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या यापे मुरे आणि योएरी द्रोस यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. त्यातही याद्या पाठ करणारा माणूस एकच होता, आणि वक्राचा आकार जवळपास तसाच आला.

इथे एक सावधगिरी हवी. हे आकडे अर्थहीन अक्षरांचे आहेत. एबिंगहाउसने बायरनच्या ‘डॉन ह्वान’मधली कडवी पाठ करून पाहिली, तेव्हा त्याला अर्थहीन अक्षरांच्या मानाने साधारण एक-दशांश श्रम पडले. अर्थ लागलेली गोष्ट वेगळ्याच गतीने स्थिरावते. म्हणून ‘आठवड्याने पाऊणभाग विसरतो’ असे सरसकट विधान त्याच्या नावावर खपवणे बरोबर नाही. तुमचा विषय तुम्ही किती विसरता, हे तुमच्याच वहीतून काढावे लागते.

आपल्याकडची परंपरा

स्वतःवर प्रयोग करून त्याचा हिशेब ठेवणे ही केवळ युरोपातली गोष्ट नव्हे. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. तास किती गेले, सूत किती निघाले, त्याची मजुरी किती होते आणि तेवढ्यात पोट भरते का, असा तो रोकडा प्रश्न होता. मजुरीचा दर न्याय्य आहे की नाही, हे त्यांनी व्याख्यानातून ठरवले नाही, स्वतःच्या हातांनी मोजून पाहिले. हेच विनोबा आयुष्यभर स्वाध्यायी राहिले. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात, वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेकडच्या चारही भाषांचा अभ्यास केला.

आपल्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांतही एक उपयोगी भेद आहे. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहितात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार मांडतात. रोजकीर्द नसेल तर खतावणी खोटी; खतावणी नसेल तर रोजकीर्द मुकी. कोणाकडून किती येणे आहे, हे रोजकीर्द चाळून कळत नाही. स्वतःच्या सवयी टिपून ठेवणाऱ्या पुष्कळांचे हेच होते. मोबाइलमध्ये पावले, झोप, अभ्यासाची मिनिटे महिनोन्‌महिने साठतात. खाती पाडायला कोणी बसत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेत गॅरी वुल्फ आणि केविन केली यांनी ‘क्वांटिफाइड सेल्फ’ नावाने स्वतःला मोजणाऱ्या लोकांना एकत्र आणायला सुरुवात केली. त्यांच्या मेळाव्यांत बोलणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची प्रथा पडली: काय केले, कसे केले आणि त्यातून काय शिकलात. पहिली दोन उत्तरे रोजकीर्दीतून येतात, तिसरे खतावणीतून.

काय मोजावे

सर्वांत सोपी मोजणी वेळेची. घड्याळ पाहिले, मिनिटे लिहिली, झाले. ती निरुपयोगी नाही. केवळ नोंद ठेवल्यानेही वागणे थोडे बदलते, हे मानसशास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे. आज किती मिनिटे बसलो हे रात्री लिहायचे आहे, एवढ्या जाणिवेने माणूस बसतो. पण व्हिडिओसमोर बसलेली मिनिटे आणि शिकणे यांत अंतर आहे. चांगला प्राध्यापक समजावून सांगत असताना सगळे समजते आहे असे वाटते. ते समजणे त्याचे असते. आपल्याकडे किती आले, ते पडदा बंद केल्यावर कळते.

या बाबतीत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक स्वयंशिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने चित्र उलटले. वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहिणारे ६१ वर राहिले. वाचणाऱ्या गटालाच आपल्याला चांगले आठवेल असा अधिक भरवसा होता.

यातून वहीत काय असावे ते ठरते. माझ्या वहीत व्याख्यानागणिक पाच रकाने असतात. पहिला तारीख आणि वेळ. दुसरा व्याख्यानाचा क्रमांक आणि त्यातले मुद्दे किती, हा आकडा. हे मुद्दे त्याच दिवशी मोजून ठेवायचे, म्हणजे पुढे सोयीस्करपणे कमी-जास्त करता येत नाहीत. तिसऱ्यात अंदाज: आठवड्याने यातले किती आठवतील? चौथ्यात सात दिवसांनी, काही न उघडता, प्रत्यक्ष किती लिहिता आले. पाचव्यात एक ओळ: त्या दिवशी काय घडले. वीज गेली, पाहुणे आले, आवणीचे दिवस होते, चैत्र अमावास्येची वज्रेश्वरीची यात्रा होती, झोप झाली नव्हती.

तिसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून वाचणे हा या वहीतला सर्वांत उपयोगी भाग आहे. अंदाज सतत जास्त निघत असेल, तर व्याख्यान पाहताना वाटणारे समाधान भरवशाचे नाही. अंदाज कधी टाकायचा यालाही महत्त्व आहे. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवले की शिकल्याबरोबर केलेल्या अंदाजापेक्षा थोडा वेळ जाऊ देऊन केलेला अंदाज पुष्कळ अधिक बरोबर येतो. मी तो रात्री जेवणानंतर लिहितो.

उजळणी केव्हा करावी, हेही वहीच सांगते. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये कार्डांच्या खोक्याची युक्ती मांडली. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा समोर येते; नाही आले की पहिल्या कप्प्यात परतते. २००६ पासून फुकट मिळणारे ‘अंकी’ हे सॉफ्टवेअर याच जातीचे काम संगणकावर करते. चपलांच्या खोक्यात चार पुठ्ठे उभे केले तरी चालते.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

आता खतावणी. समजा प्रश्न असा आहे: व्याख्यान चालू असताना टिपणे काढावीत, की नुसते पाहावे आणि संपल्यावर पडदा बंद करून लिहावे? चार दिवस हे आणि चार दिवस ते करून उत्तर मिळत नाही, कारण त्या चार दिवसांत गणपती आले असतील, किंवा विषयच सोपा असेल. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात यावर जो उपाय सांगितला, तो घरातही करता येतो. निवड आपण करायची नाही, नशिबावर सोडायची.

वीस चिठ्ठ्या घ्या. दहांवर ‘क’ लिहा, दहांवर ‘ख’. डब्यात टाका. प्रत्येक व्याख्यानाआधी एक उचला. क आला तर पाहताना टिपणे, ख आला तर नंतर लिहिणे. उचललेली चिठ्ठी परत टाकायची नाही. सात-सात दिवसांनी चौथा रकाना भरत जा. वीस व्याख्याने झाली की क आणि ख यांच्या गुणांची सरासरी काढा.

फरक दिसेलच, दोन सरासऱ्या अगदी सारख्या कधीच येत नाहीत. तो फरक पद्धतीचा की योगायोगाचा, हे तपासायला मोठे गणित लागत नाही. वीसच्या वीस गुण वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, क-ख विसरा, चिठ्ठ्या मिसळा, डोळे मिटून दहा-दहाचे दोन ढीग करा आणि त्यांच्या सरासरीतला फरक मांडा. असे पन्नास वेळा करा. तुमच्या खऱ्या प्रयोगातल्याएवढा किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या मिसळण्यातून वारंवार येत असेल, तर तुमच्या फरकावर विसंबू नका. तो क्वचितच येत असेल, तर पद्धतीत काहीतरी आहे असे धरायला हरकत नाही. संख्याशास्त्रात जिला सार्थकतेची चाचणी म्हणतात, तिचा गाभा एवढाच आहे. ती मला पुस्तकातल्या सूत्रांतून कळली त्याहून अधिक या चिठ्ठ्यांतून कळली. माझ्या बाबतीत ‘ख’ पुढे राहिला. तुमच्या बाबतीत तसे असेलच असे नाही. हा एका माणसाचा प्रयोग आहे आणि त्याचे उत्तर त्या माणसापुरतेच असते.

पुष्कळदा मात्र प्रयोगाचीही गरज पडत नाही; पाचवा रकानाच बोलतो. आमच्याकडचा एक मुलगा गोदामात पाळीने काम करतो आणि रात्री संगणकाचा अभ्यासक्रम करतो. दोनदा त्याने तो अर्ध्यात सोडला होता. ‘माझ्या डोक्यात राहत नाही, मी ढच आहे’, हे त्याचे स्वतःविषयीचे मत होते. त्याला ही पाच रकान्यांची वही दिली. सहा आठवड्यांनी आम्ही दोघांनी बसून खाती पाडली: पहिल्या पाळीचे दिवस एकीकडे, रात्रपाळीचे एकीकडे, पाळी बदलल्यानंतरचे पहिले दोन दिवस तिसरीकडे. पहिल्या पाळीच्या दिवसांचे गुण चांगले होते. रात्रपाळीचेही बरे होते. पाळी बदलल्यानंतरच्या दोन दिवसांत मात्र जवळजवळ काहीच उरत नव्हते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो मागे पडल्याच्या भीतीने सर्वांत जास्त तास बसत होता. आता त्या दोन दिवसांत तो नवे काही पाहत नाही, जुनी कार्डे उलटतो आणि झोपतो. तो अभ्यासक्रम पुरा करील की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण ‘मी ढ आहे’ हे वाक्य त्याने माझ्यासमोर पुन्हा उच्चारलेले नाही. वहीचा हा उपयोग मला गुण वाढण्यापेक्षा मोठा वाटतो. माणूस ज्याला आपला दोष समजत होता, तो पाळ्यांच्या वेळापत्रकाचा परिणाम निघाला.

मोजणीचे धोके

आता दुसरी बाजू. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण मांडले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये त्याला जे सर्वसाधारण रूप दिले, त्याचा आशय असा: माप हेच ध्येय झाले की ते चांगले माप राहत नाही. शिकण्यात याची उदाहरणे जागोजाग आहेत. सलग दिवसांची साखळी दाखवणारी ॲप घ्या. साखळी तुटू नये म्हणून माणूस रात्री पावणेबाराला सर्वांत सोपा पाठ उरकतो. आकडा वाढतो, शिकणे होत नाही. माझ्या पद्धतीतही हे होऊ शकते. मुद्दे कमी मोजले की टक्केवारी आपोआप वाढते. ती वाढवून दाखवायला समोर कोणी नसताना माणूस स्वतःलाच दाखवू लागतो.

दुसरा धोका गोडी जाण्याचा. अमेरिकेतल्या जॉर्डन एट्किन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना रंगवणे, चालणे, वाचणे अशा आवडीच्या गोष्टी मोजत करायला लावल्या. मोजणाऱ्यांनी त्या जास्त केल्या, पण त्यांना त्यांतला आनंद कमी मिळाला. मोजणी खेळाचे काम करून टाकते. म्हणून मी भूजलशास्त्र आणि संख्याशास्त्र मोजले, पण कुंडांविषयीच्या दंतकथा, स्थळपुराणे, जुन्या कागदपत्रांचे वाचन कधीही वहीत घेतले नाही. जे आपण न मोजताही करणारच आहोत, ते मोजू नये.

तिसरा धोका मालकीचा. ऑनलाइन अभ्यासक्रमांत साठणाऱ्या माहितीवर संशोधन करणारी ‘लर्निंग ॲनालिटिक्स’ ही शाखाच आता उभी आहे. तिची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०११ मध्ये कॅनडात झाली. त्या संशोधनातून चांगलेही निघते. वर दिलेला ३.१३ टक्क्यांचा आकडा अशाच माहितीतून आला. पण कोण किती वेळा अडखळला, कोणी रात्री दोन वाजता कोणता प्रश्न चुकवला, ही माहिती नोकरी देणाऱ्याच्या हाती गेली तर तिचा अर्थ काय लावला जाईल, याचा विचार गोदामातल्या मुलांनी करायला हवा. त्यांना मोजले जाण्याचा अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आपल्याविषयीच्या माहितीचा गोषवारा मागण्याचे, ती दुरुस्त करून घेण्याचे आणि पुसायला लावण्याचे हक्क लिहिलेले आहेत. पण आपल्याकडे स्वतःची नोंद असली तरच समोरून आलेल्या गोषवाऱ्यात काय चुकले ते सांगता येते. पासबुक जपणाऱ्यालाच बँकेची चूक दाखवता येते, तसेच हे.

म्हणूनच माझा आग्रह कागदी वहीचा आहे. संगणकात ठेवायचीच असेल तर आपल्या यंत्रावर, साध्या तक्त्यात ठेवावी. वही चार्ज करावी लागत नाही, आमच्याकडे पावसात नेटवर्क गेले तरी चालते, आणि ती कोणाला दाखवायची हे आपण ठरवतो. मालकाला दाखवायची नाही, हे त्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

केव्हा थांबावे

सुरुवात करणाऱ्याने पाच रकाने आणि एकच विषय, एवढेच घ्यावे. ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात, त्यांतला आठ आठवड्यांचा पहिल्या प्रयोगाला सोयीचा. दर रविवारी अर्धा तास खतावणीला द्यावा. त्या अर्ध्या तासात तीनच प्रश्न विचारावेत: अंदाज आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर आहे, सर्वांत वाईट दिवस कोणते आणि त्यांच्यात समान काय, आणि पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट बदलायची. एकच. दोन बदलल्या की कशाचा परिणाम कोणता, ते कळत नाही.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतले अंतर काही आठवडे लहान राहिले की त्या विषयाची वही बंद करावी. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे न मोजता कळू लागले, म्हणजे जे काम वर्गात बाई करत होत्या ते आता आपण करू लागलो. माझी संख्याशास्त्राची वही अशीच बंद झाली. भूजलाची अजून चालू आहे, कारण त्यात माझे अंदाज अजूनही जास्त निघतात. पावसाचे पाणी बसाल्टाच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि आमच्या नदीकाठी वर येते, हे सांगायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळींतले कोणते माझ्या हिशेबाने सिद्ध करता येते आणि कोणते मी केवळ ऐकून म्हणतो आहे, याचा रकाना मी या वर्षी नव्याने आखला आहे.